दारी आलेलं पावतीपुस्तक

बुरोंडीहून (ता. दापोली) एका वाचक भगिनीचं चारपानी पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, तेव्हा पत्रातला मुद्दा तेवढा सांगते.

त्यांच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहतं. मूळचे वसईकडचे, निवृत्तीनंतर समुद्राजवळ घर बांधून इथे आलेले. दोन्ही घरांचा घरोबा इतका, की गणपतीतले मोदक तिकडे जातात आणि नाताळात कुलकुल्यांचा डबा इकडे येतो. गेल्या महिन्यात शेजारच्या आंटींकडे पांढऱ्या झग्यातल्या, गळ्यात क्रूस असलेल्या दोन सिस्टर आल्या. शाळा नाही, दवाखाना नाही, नुसती प्रार्थना करत आत राहणाऱ्या बायकांचा एक नवा मठ निघतो आहे, डोंगरावर जागा बघून ठेवली आहे, असं त्यांनी सांगितलं. हातात पावतीपुस्तक, रंगीत पत्रक, पत्रकावर पैसे पाठवायचा क्यूआर कोड. आंटींनी पाच हजार दिले आणि भगिनींनाही म्हणाल्या, "तुम्हीपण काहीतरी द्या ना, पुण्याचं काम आहे."

भगिनींजवळ भिशीचे पैसे आहेत. यजमान म्हणतात, "आपला काय संबंध?" सासूबाई म्हणतात, "दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, मग तो कुणाच्याही देवाचा असो." आणि पत्राच्या शेवटच्या पानावर, जाता जाता लिहावं तसं, लिहिलं आहे की आंटींची एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेज सोडून त्या मठात जायचं म्हणते आहे. नाताळानंतर लगेच.

मैत्रिणींनो, या पत्रातला प्रश्न पाच हजारांचा वाटतो. पण खरा प्रश्न त्या शेवटच्या पानावर आहे. आधी पैशांचं बघू, मग मुलीकडे येऊ. चाळणी दोन्हीकडे एकच लागते.

नवं म्हणजे खोटं नव्हे

पहिली गोष्ट ही, की "नवीन संस्था आहे, म्हणजे काहीतरी गौडबंगाल असणार" असं म्हणू नका. प्रत्येक जुनी संस्था एके काळी नवीनच होती. बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेला निघालात, की लाडघर, कर्दे आणि मग मुरूड लागतं. ते अण्णासाहेब कर्व्यांचं गाव. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा विधवांच्या त्या संस्थेला नाव ठेवणारे पुष्कळ होते आणि पैसे देणारे थोडे. कर्वे गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करत. पुढे १९०८ साली त्यांनी आपल्या संस्थांसाठी आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांचा एक संघच उभारला, त्याचं नाव निष्काम कर्म मठ. मठ हा शब्द आपल्याला काही परका नाही! ज्यांनी तेव्हा विश्वास ठेवून चार आणे दिले, त्यांचे चार आणे सत्कारणी लागले.

कॅथलिकांतलंच उदाहरण घ्यायचं तर मदर तेरेसांचं घ्या. त्या आधी लोरेटो नावाच्या जुन्या संघात शिक्षिका होत्या. बाहेर पडून गरिबांत काम करावं असं त्यांना १९४६ साली वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघाल्या का? नाही. आधी कलकत्त्याच्या आर्चबिशपांकडे, मग रोमकडे परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत १९४८ साल उजाडलं. त्यांच्या संघाला धर्मप्रांतापुरती मान्यता मिळाली ७ ऑक्टोबर १९५० रोजी, आणि थेट रोमची १९६५ साली. म्हणजे मनात आल्यापासून पक्की मान्यता मिळेपर्यंत एकोणीस वर्षं! आपल्याला कागदांचा कंटाळा येतो. पण ज्याला खरं काम करायचं असतं, तो कागदांना भीत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली चाळणी : त्यांच्याच घरचे नियम

भगिनी विचारतात, "आम्ही ख्रिस्ती नाही, आम्हांला त्यांच्यातलं काय कळणार?" अहो, कॅथलिक चर्चइतका लिहून ठेवलेला कारभार फार थोड्या ठिकाणी सापडेल. १९८३ साली त्यांचा धर्मकायद्याचा ग्रंथ नव्याने निघाला. त्यात हा सगळा विषय कलमवार आहे आणि आपल्या कामाची कलमं अगदी साधी आहेत.

एक. कुठलाही खाजगी माणूस किंवा संस्था चर्चच्या कामासाठी देणग्या मागायला निघाली, तर तिच्याजवळ दोन लेखी परवानग्या हव्यात : एक तिच्या स्वतःच्या वरिष्ठांची आणि दुसरी, ज्या भागात ती मागते आहे तिथल्या बिशपची. भिक्षाव्रती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या संघांना यात सवलत आहे, काल निघालेल्या मठाला नाही. बुरोंडी रत्नागिरी जिल्ह्यात. हा जिल्हा २००५ सालापासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो, त्याआधी तो पुणे धर्मप्रांतात होता. तेव्हा त्या सिस्टर वसईहून आलेल्या असोत की केरळहून, सिंधुदुर्गच्या बिशपांचं पत्र त्यांच्याजवळ हवंच.

दोन. बिशपच्या परवानगीशिवाय मठाचं घर कुठेही उघडता येत नाही. जगापासून अलिप्त, बंद मठात राहणाऱ्या साध्वींचा मठ असेल तर रोमचीही परवानगी लागते.

तीन. नवा व्रतस्थ संघ स्थापन करायचा अधिकार पूर्वी बिशपना होता, रोमचा नुसता सल्ला घेतला तरी चाले. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये हा नियम कडक केला. आता रोमच्या लेखी परवानगीवाचून बिशपही नवा संघ स्थापू शकत नाहीत. नियम कडक का केला, तर नवनवे संघ निघत होते आणि त्यांतले काही निस्तरताना नाकी नऊ येत होते.

चार. संस्थेच्या नावात 'कॅथलिक' हा शब्द लावायलासुद्धा अधिकाऱ्यांची संमती लागते. रोमशी संबंध नसलेले, स्वतःला कॅथलिक म्हणवणारे गटही जगात आहेत. त्यांनी आपल्या पद्धतीने देवाचं करावं. पण देणाऱ्याला आपण कुणाला देतो ते माहीत असावं.

आता हे तपासायचं कसं? सोपं आहे. आंटी ज्या चर्चला जातात तिथल्या फादरना विचारायचं. फादरना माहीत नसेल तर ते धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारतील. भारतातल्या कॅथलिक संस्थांची छापील डिरेक्टरीही असते. मात्र फोन करायचा तो आपण शोधलेल्या नंबरवर, पत्रकावर छापलेल्या नंबरवर नव्हे. पत्रकावरचा नंबर उचलणारा "हो हो, परवानगी आहे" असंच सांगणार!

आणि एक. बिशपांबरोबर काढलेला फोटो म्हणजे परवानगी नव्हे. आपल्याकडे लग्नात मंत्र्यांबरोबर फोटो काढतात, म्हणून ते आपले व्याही होतात का? 'बिशपांचा आशीर्वाद आहे', 'फाइल रोमला गेली आहे', 'अमुक फादर आमचे मार्गदर्शक आहेत' ही सगळी वाक्यं खरी असू शकतात; पण यांतलं एकही वाक्य म्हणजे लेखी परवानगी नव्हे. तारीख, सही, शिक्का असलेला कागद बघायला मागा. कागद जुना असेल तर तो अजून चालू आहे का, तेही विचारा.

दुसरी चाळणी : सरकारचे कागद

देव कुणाचाही असो, पैसा मात्र या देशाच्या कायद्याखाली येतो. महाराष्ट्रात १९५० सालापासून सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा आहे. देऊळ, दर्गा, चर्च, शाळा, अनाथाश्रम, सगळे त्यात येतात. संस्थेने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायची, हिशेब ठेवायचे, ते तपासून घ्यायचे. वर्गणी गोळा करणाऱ्या गणेशोत्सव मंडळालासुद्धा या कायद्याखाली परवानगी काढावी लागते. मग मठाला का नको?

तेव्हा पावती हातात आली की चष्मा लावून वाचा. नोंदणी क्रमांक छापलेला आहे का? संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता आहे का? पावतीला अनुक्रमांक आहे का? नोंदणी क्रमांक असेल तर तो त्याच संस्थेचा आहे का, हे धर्मादाय कार्यालयात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, तो शोधून देईल. मात्र नोंदणी म्हणजे संस्था कागदावर आहे एवढाच पुरावा, ती चांगली चालते याचा नव्हे. रेशनकार्ड असलं म्हणजे घरात धान्य असतंच असं नाही.

क्यूआर कोडची गंमत तर अशी, की तो आपण होऊन बोलतो. फोन त्याच्यासमोर धरा, पैसे न पाठवता नुसतं वर येणारं नाव वाचा. संस्थेचं नाव आलं तर ठीक. एखाद्या बाईचं किंवा बुवांचं नाव आलं तर थांबा. "संस्थेचं खातं अजून उघडायचं आहे, तोपर्यंत सिस्टरच्या खात्यावर टाका" हे कारण ऐकायला साधं वाटतं. पण खातं उघडण्याआधी पैसे गोळा करायची एवढी घाई कशाला?

जमिनीचंही तसंच. डोंगरावर जागा बघितली म्हणतात, तर सातबारा दाखवा म्हणावं. कोकणातल्या बाईला सातबारा वाचायला शिकवायला नको! जागा कुणाच्या नावावर आहे हा कळीचा प्रश्न. नोंदलेल्या न्यासाच्या नावावर असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. म्हणजे तुमच्या विटा तिथे सुरक्षित राहतात. आपल्याकडे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही, संस्थेलाही परवानगी काढावी लागते. म्हणून पुष्कळदा "तूर्त अमक्यांच्या नावावर घेतली आहे, मागाहून संस्थेच्या नावावर करू" असं सांगतात. मागाहून म्हणजे कधी? अमके उद्या गेले तर त्यांचे वारस मठ चालवणार की रिसॉर्ट काढणार?

प्राप्तिकरातल्या सवलतीबद्दल दोन शब्द. "पावतीवर टॅक्स माफ होतो" असं सांगून पैसे मागितले, तर त्या सवलतीच्या मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ही सवलत धर्मादाय कामासाठी असते. केवळ एका धर्माच्या लोकांसाठी किंवा निव्वळ उपासनेसाठी असलेल्या संस्थेला ती साधारणपणे मिळत नाही. नुसत्या प्रार्थनेचा मठ आणि शिवाय करसवलत, हे जरा चमत्कारिकच. दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर सवलत मिळतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि आपल्या जिल्ह्यातली घरं निम्मी मुंबईवर आणि निम्मी आखातावर चालतात, म्हणून सांगते. तुमचा मुलगा दुबईला असेल पण पासपोर्ट भारताचा असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकाने दिलेले मात्र ठरतात. ते घ्यायला संस्थेला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतच यावे लागतात. मदर तेरेसांच्या संघाचंसुद्धा त्या नोंदणीचं नूतनीकरण डिसेंबर २०२१ मध्ये नाकारलं गेलं होतं, पुढच्याच महिन्यात ते पुन्हा मिळालं. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर नव्या मठाने "परदेशातून पुष्कळ येतंय" म्हटलं, की कोणत्या नोंदणीवर, हे विचारायला हरकत नाही.

तिसरी चाळणी : राहणी

दोन्हीकडचे कागद चोख असले तरी काम संपत नाही. मेक्सिकोतल्या मार्सियाल मासिएल नावाच्या धर्मगुरूंनी १९४१ साली एक संघ काढला. रोमची मान्यता होती, पोपबरोबर फोटो होते, श्रीमंतांच्या देणग्यांचा ओघ होता. मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप वर्षानुवर्षं दाबले गेले. शेवटी २००६ साली रोमने त्यांना कामातून बाजूला केलं. पेरू देशात १९७१ साली निघालेला असाच एक मान्यताप्राप्त संघ संस्थापकाच्या गैरवर्तनापायी २०२५ साली पोपनी विसर्जितच केला. तेव्हा कागद हवेतच, पण कागदाबरोबर माणसंही बघा.

काय बघायचं? हेही त्यांच्याच परंपरेत लिहून ठेवलेलं आहे. ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभीच्या काळातली 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे. गावोगाव फिरणारे उपदेशक तेव्हाही यायचे. त्यांचं काय करावं, ते तीत सांगितलं आहे : आलेल्याचं आगतस्वागत करा, एक-दोन दिवस ठेवून घ्या, तीन दिवस राहिला किंवा पैसे मागू लागला तर तो खोटा समजा, कायमचं राहायचं म्हणाला तर त्याने काम करून खावं. किती व्यवहारी सल्ला! आपल्या सासूबाईंना तो नक्की पटेल. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नका, पण तिजोरीची किल्लीही देऊ नका.

पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम घालून दिले. ते आजही शेकडो मठांत चालतात. त्यांत मठवासीयांनी हातांनी काम करून पोट भरावं यावर भर आहे. केरळात वागमणच्या डोंगरावर कुरिसुमला आश्रम आहे. १९५८ साली तो तिथे सुरू झाला. तिथल्या संन्याशांनी गाई पाळल्या, दूधदुभत्यावर आश्रम चालवला आणि डोंगरावरच्या लोकांनाही तो धंदा शिकवला. जगभर पसरलेल्या जुन्या ट्रॅपिस्ट संघात त्यांचा रीतसर समावेश झाला तो १९९८ साली, चाळीस वर्षांनी. तोवर कुणी रंगीत पत्रकं घेऊन गाव हिंडलं नाही म्हणून गाई आटल्या नाहीत.

तेव्हा त्या सिस्टरना प्रेमाने चहा द्या आणि विचारा : तुम्ही किती जणी आहात? सध्या कुठे राहता? दिवसभर काय करता? पोटापाण्याचं काय? तुमच्यातली सगळ्यांत जुनी सिस्टर किती वर्षांची आहे, आणि कुणी सोडून गेल्या का? हिशेब कोण लिहितं आणि कुणाला दाखवता? मी एकदा येऊन पाहू का? खऱ्या साध्वीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट कुणीतरी आस्थेने विचारलं म्हणून ती खुलून बोलते. देणगीदारांना हिशेब द्यावा, असं त्यांच्या धर्मकायद्यातच आहे.

तीन लक्षणं दिसली की मात्र हात आखडता घ्या. पहिलं, सगळं एकाच व्यक्तीभोवती फिरतं : तिलाच दृष्टान्त, तिचाच शब्द अखेरचा, तिचेच फोटो. दुसरं, घाई : "रविवारपर्यंत पैसे नाही भरले तर जागा जाईल." तिसरं, भीती किंवा लालूच : "दिलंत तर मुलाला नोकरी लागेल, नाही दिलंत तर..." हे आपल्याकडच्या बुवांच्या बाबतीतही तंतोतंत लागू पडतं, हे सांगायला नकोच. गाडगेबाबांनी उभं आयुष्य लोकांकडे मागितलं. पण धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांसाठी, स्वतःजवळ ठेवलं ते गाडगं आणि खराटा.

मुलीचं काय?

आता शेवटच्या पानाकडे येते. भगिनी विचारतात, "परक्याच्या मुलीबद्दल मी बोलावं का, की शेजारधर्म म्हणून गप्प बसावं?" माझं मत असं, की गप्प बसू नये. पण "जाऊ नकोस" असंही म्हणू नये. एकोणीस वर्षांची मुलगी सज्ञान असते. देवासाठी आयुष्य द्यावंसं वाटणं हे काही वेड नव्हे. तिला एवढंच विचारावं, की ते तुला किती सावकाश घेताहेत?

कारण खरा मठ मुलीला सावकाश घेतो. बेनेडिक्टांच्या नियमांत आहेच, की नवख्याला सहज आत घेऊ नये. वर्षभरात पुन्हा पुन्हा नियम वाचून दाखवावेत आणि दर वेळी विचारावं, अजून राहायचं आहे का? आजच्या धर्मकायद्यानुसार उमेदवारीचं किमान एक पूर्ण वर्ष, मग निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि कायमची व्रतं एकवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय नाहीत. बंद मठांतल्या साध्वींसाठी तर रोमने २०१८ साली पहिल्या पावलापासून कायमच्या व्रतापर्यंत किमान नऊ वर्षांचा काळ ठरवून दिला आहे. नऊ वर्षं! आणि या सगळ्या काळात, मन पालटलं तर परत यायचं दार उघडं असतं.

ज्या गटाला अजून मान्यताच नाही, त्यात घेतलेली व्रतं चर्चच्या दृष्टीने खाजगी असतात. म्हणजे मुलीने कॉलेज सोडलं, दहा वर्षं तिथे काढली आणि गट मोडला, तर तिच्या पाठीशी उभा राहणारा जुना संघ कुणी नसतो. हातात ना पदवी, ना पैसा. म्हणून आंटींनी मुलीबरोबर जाऊन समक्ष पाहावं आणि विचारावं : घरी पत्र-फोन मोकळेपणी करता येतो का? आजारी पडली तर औषधपाण्याचं कोण बघतं? पाप कबूल करायला फादर निवडायची मोकळीक आहे का? तिच्या नावावरचे पैसे, दागिने यांचं काय? पहिल्या दिवशीच सगळं संस्थेच्या नावावर लिहून मागत असतील, तर तिथून उठावं. मान्य संघात पहिल्या व्रतापूर्वी मुलगी आपल्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे सोपवायचा ते स्वतः ठरवते. मालकी तिचीच राहते.

आणि एक साधी सूचना. पदवीचं दीड-दोन वर्षांचं शिक्षण उरलं असेल तर ते पुरं करून जा, असं सुचवावं. ज्या मठाला मुलगी खरोखर हवी आहे, तो दोन वर्षं थांबेल. "आत्ता नाही तर कधीच नाही" म्हणणारा मठ असो की नवरदेव, दोन्ही ठिकाणी आपण मुलीला काय सांगतो?

द्यायचंच असेल तर

भगिनी, पैसे तुमचे भिशीचे आहेत, तेव्हा निर्णय तुमचाच. यजमान म्हणतात तसा "आपला काय संबंध" नाही. शेजारणीचा संबंध आहेच. पण चाळणी लावायच्या आधी एक रुपयाही देऊ नका. चाळणीतून पार पडले, तर झेपेल तेवढं द्या : हजार-पाचशे, चेकने किंवा संस्थेच्या खात्यावर, पावती घेऊन. आणि कशासाठी दिले ते पावतीवर लिहून घ्या : "विहिरीसाठी", "स्वयंपाकघरासाठी". त्यांच्या धर्मकायद्यातच आहे, की ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते लावावं. अट घालून दिलं म्हणजे दानाचं पुण्य कमी होत नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले, तेही अटी घालूनच.

उद्देश आधी स्पष्ट नसला की पुढे मनं दुखावतात. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं आठवा. १८८९ साली सदन निघालं तेव्हा ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली आपण होऊन येऊन बसत. मुलींना अडवायचं की नाही, यावरून १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पैशाची अफरातफर कुणी केली नव्हती. पण देणाऱ्याच्या मनातलं आणि घेणाऱ्याच्या मनातलं एक नव्हतं. तुम्ही हिंदू आहात, मठ प्रार्थनेचा आहे; तुमचे पैसे प्रार्थनेच्याच घरात जाणार हे तुम्हांला मान्य असेल तरच द्या. नसेल तर मोकळेपणी नाही म्हणा. त्यात कुणाचा अपमान नाही.

नाही म्हणायचं कसं, हा आपल्या बायकांचा जुना प्रश्न. आंटींना असं सांगा : "आंटी, मी कुणालाही द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारून घेते, देवळाच्या लोकांनासुद्धा. फादरांशी बोलून त्या सिस्टरजवळ बिशपांचं पत्र आहे का, एवढं बघाल का? तुम्ही पाच हजार दिलेत, तुम्हांलाही कळलेलं बरं." या बोलण्याने त्यांच्या श्रद्धेला धक्का लागत नाही आणि तपासाचं काम योग्य हातांत जातं. त्यांच्या घरच्या कारभाराची चौकशी त्यांनीच केलेली बरी. तुमच्याआमच्यापेक्षा त्यांना ती सहज करता येते.

एक मात्र कराल? चौकशी पुरी होईपर्यंत त्या दोन सिस्टरविषयी मासळीबाजारात किंवा फोनवरच्या गटांत एक अक्षर बोलू नका. त्या खऱ्या असतील तर दोन भल्या बायकांची नाचक्की होईल, आणि आजच्या दिवसांत असल्या बातमीचं काय होतं हे तुम्हांला सांगायला नको. त्या खोट्या निघाल्या तर मात्र पावती जपून ठेवा. आंटींनी ती घेऊन धर्मादाय कार्यालयात आणि पोलिसांत जावं, तुम्ही सोबत जा.

फादरांचं उत्तर आलं की मला कळवा. आणि ती मुलगी परीक्षेचा फॉर्म भरते का, तेही लिहा.